हजेरी खालून वर

“आज हजेरी वरून घ्या,” निगुडकर म्हणाले.

अकरा वाजून दोन मिनिटे झाली होती. नियंत्रण कक्षात माझ्या मेजाशी ते उभे होते. हातात पाहुण्यांसाठी छापलेली कार्यक्रमपत्रिका होती. चेहऱ्यावर ते खास सौजन्य होते, जे केंद्रप्रमुख आपले म्हणणे हुकूम वाटू नये म्हणून धारण करतात आणि ज्यावरूनच तो हुकूम असल्याचे सर्वांना कळते.

“वरून म्हणजे?”

“आधी इंजिन, मग दिशा, मग दळणवळण. मोठी खाती आधी. तुमची ती खालची मंडळी शेवटी. कॅमेरेवाले तीनच मिनिटं देणार आहेत, रणपिसेबाई. देशानं पहिला चेहरा कुणाचा पाहायचा? उपळेकरांचा, की ढवळ्यांचा?”

“देशानं उपग्रह पाहावा, अशी माझी समजूत होती.”

“उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. तो दिसत नाही.”

“ढवळेही एरवी कुणाला दिसत नाहीत. तरी दोघं कामावर आहेत.”

निगुडकर हसले. त्यांना विनोद कळत असे. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. कार्यक्रमपत्रिका माझ्या मेजावर ठेवून ते काचेपलीकडच्या सज्जाकडे गेले. तिथे दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांसाठी मखमली खुर्च्या मांडल्या जात होत्या.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षे झाली. हिरडेमाळच्या त्या केंद्रात मी सात वर्षे मोहीम-संचालक होते. उपग्रह यानापासून सुटा झाला की पुढचे सगळे या कक्षातून चाले. कक्षात अकरा चौक्या होत्या. चौकी म्हणजे एक पडदा, एक हेडफोन आणि एक माणूस. कोणतीही मोठी आज्ञा वर पाठवण्याआधी संचालक एकेका चौकीला तिच्या नावाने हाक मारी. उत्तरे दोनच होती: ‘तयार’ किंवा ‘थांबा’. याला आम्ही हजेरी म्हणत असू. अकरा ‘तयार’ आले तर आज्ञा जाई. एक ‘थांबा’ आला तर जात नसे.

मी संचालक झाले त्याच आठवड्यात दोन नियम लावले होते. पहिला, हजेरी खालून घ्यायची. पदाने सर्वांत लहान माणूस आधी बोलेल, सर्वांत मोठा शेवटी. दुसरा, हेडफोनवर कुणी कुणाला सर म्हणणार नाही, मॅडम म्हणणार नाही, नावानेही हाक मारणार नाही. तिथे फक्त चौक्या बोलतील. कारण विचारणाऱ्यांना मी सांगितले होते की हे शिस्तीसाठी आहे. ते खोटे होते. पण प्रशासनात ‘शिस्त’ हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होतात, हे मला वाचनाने नव्हे, अनुभवाने ठाऊक झाले होते.

त्या दिवशी ‘वातायन’ हा आमचा उपग्रह पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत होता. कक्षेच्या सर्वांत दूरच्या टोकाला असताना त्याचे इंजिन तासभर पेटवायचे, म्हणजे कक्षा गोल होत जाते. तो क्षण अकरा चाळीसला होता. तो हुकला तर आमच्या नजरेच्या टप्प्यात तसाच क्षण पुन्हा एकवीस तासांनी येणार होता. उपग्रहाचे त्यात फारसे बिघडणार नव्हते. पाहुण्यांचे विमान मात्र दोन वाजता होते.

मी हेडफोन काढून ठेवला आणि शेवटच्या रांगेत गेले.

विष्णू ढवळे तिथे बसत. सिन्नरकडचे, पदविकाधारक, चोपन्न वर्षांचे. पदाने कक्षात सर्वांत लहान आणि वयाने सर्वांत मोठे. त्यांच्या चौकीचे नाव ‘इंधन-तापमान’. इंधनाच्या टाक्या आणि नळ्या वर किती गार आहेत, किती गरम, एवढेच ते पाहत. बावीस वर्षे त्यांनी दुसरे काही पाहिले नव्हते.

“काय म्हणतेय नळी?” मी विचारले.

“दोन तोंडांनी बोलतीय, मॅडम.” त्यांनी पेन्सिलीचे टोक पडद्यावर ठेवले. “एकाच नळीवर दोन सेन्सर. हा म्हणतो एकवीस अंश. हा म्हणतो नऊ. सकाळी हाही वीसच म्हणत होता. आता दर पाच मिनिटांना अर्धा अंश उतरतोय. हीटर चालू असताना उतरतोय.”

“मर्यादा पाचाची आहे.”

“आहे ना. मर्यादेच्या आत आहे. पण आतून बाहेर निघालंय.”

“निगुडकरसाहेबांना हे सांगितलंत?”

“त्यांनीच विचारलं, साडेदहाला. म्हणाले, सेन्सर खराब असेल. म्हटलं, असेल. म्हणाले, मग झालं तर. म्हटलं, कोणता खराब ते सांगा, म्हणजे झालं.” ढवळ्यांनी पेन्सिल कानावर खोचली. “ते निघून गेले. चहाही तसाच ठेवला. मीच प्यायलो.”

तर निगुडकरांना ठाऊक होते. कॅमेरे, देश, चेहरे ही सगळी प्रस्तावना होती. मूळ ग्रंथ हा होता. हजेरी वरून घेतली की इंजिन ‘तयार’ म्हणणार, दिशा ‘तयार’ म्हणणार, दहा शिकलेले आवाज एकामागून एक ‘तयार’ म्हणणार, आणि मग सज्जातल्या पाहुण्यांच्या देखत सिन्नरच्या पदविकाधारकाला विचारले जाणार. हुकूम न देता माणूस गप्प कसा करावा, याचे इतके सुबक उदाहरण मी इतिहासाच्या पुस्तकांतही क्वचित वाचले होते.

“नळीत इंधन घट्ट झालं असेल तर?” मी विचारले.

“तर पेटवल्यावर नळी फुटेल. इंजिन तास जळणार. हे असंच उतरत राहिलं तर चाळीस मिनिटांत पाचावर येतंय.” ते थोडे थांबले. “पण खोटं बोलणारा हाच सेन्सर असला, मॅडम, तर माझं हसं होईल. तुमचंही.”

“माझं होऊ द्या. तुम्ही जे दिसतंय ते बोला.”

“ते तर बोलीनच. मला दुसरं येतंय काय?”

अकरा एकतीसला पाहुणे सज्जात बसले. निगुडकर त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि काचेतून माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित झुकवली. मी हेडफोन चढवला. कार्यक्रमपत्रिका पालथी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला.

“संचालक बोलतेय. आज्ञा: इंजिन प्रज्वलन. हजेरी घेते.” क्षणभर मी कुणाचेच नाव घेतले नाही. पहिल्या रांगेत इंजिनच्या चौकीवर बसलेल्या जयंत उपळेकरांनी बोलण्यासाठी मायक्रोफोन तोंडाशी ओढलेला मला दिसला. त्यांना क्रम कळवण्यात आला होता. “इंधन-तापमान?”

उपळेकरांनी मायक्रोफोन सोडून दिला.

“इंधन-तापमान,” ढवळ्यांचा आवाज आला. “थांबा.”

कक्षात कुणी वळून पाहिले नाही. वळून पाहायचे नसते. फक्त खुर्च्यांची करकर थांबली.

“कारण?”

“एका नळीवर दोन सेन्सर, चौदा अंशांचं अंतर. खरा कोणता, माहीत नाही.”

सज्जातून खाली येणारा जिना सतरा पायऱ्यांचा होता. निगुडकरांनी तो धावत उतरला असावा, कारण माझ्या मेजाजवळचा मोकळा हेडफोन त्यांनी उचलला तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“ढवळे, तो सेन्सर खराब आहे.”

उत्तर आले नाही.

“ढवळे! मी तुमच्याशी बोलतोय.”

“इथं ढवळे नाहीत,” हेडफोनवर शांत आवाज आला. “इंधन-तापमान आहे. कोणती चौकी बोलतीय?”

मागच्या रांगेत कुणीतरी खोकला. तो खोकला नव्हता.

निगुडकरांनी हेडफोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. “बाई, हा तमाशा बंद करा. इंजिनचं काम इंजिनवाल्याला कळतं. उपळेकरांना विचारा.”

“त्यांची पाळी आली की विचारीन.”

“मग मी विचारतो.” त्यांनी हात काढला. “उपळेकर, तुमच्या मते प्रज्वलन सुरक्षित आहे की नाही?”

जयंत उपळेकर हा निगुडकरांनीच घडवलेला माणूस. परदेशातली पदवी, इस्त्रीचा सदरा, आणि पुढच्या बढतीसाठी ज्याचे नाव सर्वांना पाठ होते असा. माझ्या मेजावरून मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती हळूहळू लाल झाली.

“इंजिन,” ते शेवटी म्हणाले. “माझी पाळी अजून आलेली नाही.”

घड्याळात अकरा चौतीस झाले होते. मी मायक्रोफोन जवळ घेतला. “संचालक. हजेरी पूर्ण होत नाही. प्रज्वलन होणार नाही. पुढची संधी उद्या सकाळी आठ चाळीस. नोंद करा.”

“नोंद केली,” अकरा आवाज वेगवेगळ्या वेळी म्हणाले.

सज्जात पाहुणे उठून उभे राहिले होते आणि कुणीतरी त्यांना प्रदर्शनातली उपग्रहाची प्रतिकृती दाखवायला नेत होते. प्रतिकृतीचे इंजिन पेटण्यास नेहमीच तयार असते.

दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला ‘वातायन’चे इंजिन पेटले आणि तासभर निर्दोष जळले. रात्रपाळीने हीटर तीनदा बंद-चालू करून पाहिला होता. पहिल्या सेन्सरने प्रत्येक वेळी चढउतार दाखवला; दुसरा आपल्याच नादात उतरत उणे चाळीसवर गेला आणि तिथे स्थिरावला. तो खराब होता. नळी आदल्या दिवशीही एकवीस अंशांवर होती. निगुडकर बरोबर होते. ढवळे चुकले होते, आणि त्यांच्याबरोबर मीही.

त्या आठवड्यात ढवळ्यांच्या चौकीवर कुणीतरी केंद्राच्या दवाखान्यातला ताप मोजायचा थर्मामीटर दोऱ्याने टांगून ठेवला. ढवळ्यांनी तो काढला नाही. “राहू द्या,” ते म्हणाले. “तिसरा सेन्सर हवाच होता.”

चौकशी समिती दहाव्या दिवशी बसली. तिघे सदस्य, अध्यक्ष खासनीस नावाचे निवृत्त शास्त्रज्ञ. आत जाण्याआधी निगुडकरांनी मला आपल्या खोलीत बोलावले, चहा मागवला आणि एक टंकलिखित कागद पुढे सरकवला. चौकशी अहवाल हा आपल्याकडचा एक प्रौढ वाङ्मयप्रकार आहे. त्याचा शेवट आधी लिहितात आणि साक्षी नंतर घेतात. शेवट असा होता: ‘इंधन-तापमान चौकीवरील कर्मचाऱ्याच्या अपुऱ्या तांत्रिक आकलनामुळे नियोजित संधी वाया गेली. सदर कर्मचाऱ्यास भांडार विभागात हलवावे. हजेरीचा क्रम पदानुसार असावा.’

“तुमचं नावसुद्धा नाही यात,” निगुडकर म्हणाले. “सही करा. पुढची मोहीम तुमची. चार वर्षं तिच्यासाठी राबताय तुम्ही.”

“आणि ढवळे?”

“निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्यांची. भांडारात काय वाईट आहे? सावली आहे, पंखा आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तो माणूस चुकला, बाई. हे तर तुम्हीही नाकारत नाही ना?”

“नाही नाकारत.”

“मग?”

“चहा गार होतोय तुमचा,” मी म्हणाले आणि कागद घेऊन समितीसमोर गेले.

खासनीस सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मग विचारले, “डॉक्टर रणपिसे, ढवळ्यांचं म्हणणं चूक ठरलं, हे मान्य?”

“मान्य.”

“म्हणजे तुमचा निर्णयही.”

“निर्णय चूक नव्हता. ढवळे ‘थांबा’ म्हणाले, पण थांबले मी. तो अधिकार माझा होता. या कागदावर माझं नाव नाही; ते घाला. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा थांबेन, हेही घाला.”

“हा हट्ट झाला.”

“हो.”

“हट्टाला काही आधार?”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर निगुडकर बसले होते. त्यांच्या मागे कपाट होते आणि कपाटात केंद्राचे जुने चौकशी अहवाल निळ्या बांधणीत ओळीने उभे होते. मी उठले, पाचवा खंड काढला आणि खासनीसांच्या पुढ्यात ठेवला.

“हा बावीस वर्षांपूर्वीचा. समुद्रकाठच्या तळावरून सुटलेलं यान एकाहत्तराव्या सेकंदाला समुद्रात पडलं तेव्हाचा. मोहीम-संचालक होते डॉक्टर निगुडकर. शेवटचं पान पाहा.”

खासनीसांनी पान उलटले. “‘बिघाडाचे कारण: अनिश्चित.’”

“तेव्हा हजेरी वरून घेत. अकरा चौक्या होत्या. दहा जणांनी ‘तयार’ म्हटलं. दहाही जण माझ्याहून मोठे, दहापैकी सहा जणांची पुस्तकं मी परीक्षेला अभ्यासली होती. अकरावी चौकी टाकीच्या दाबाची. तिथे सव्वीस वर्षांची एक मुलगी बसली होती. तिच्या पडद्यावर दाब चार मिनिटं हळूहळू उतरत होता. मर्यादेच्या आत होता.”

खासनीसांनी पानावरून नजर उचलली.

“तिला वाटलं, आपलाच सेन्सर खराब असेल. एवढी दहा माणसं चुकणार नाहीत. तिने ‘तयार’ म्हटलं.”

“ती मुलगी...” खासनीस म्हणाले.

“मी.”

“हे तुम्ही बावीस वर्षं सांगितलं नाहीत?”

“चौकशीत वरून प्रश्न विचारत आले. सातव्या चौकीपर्यंत आले आणि जेवणाची वेळ झाली. अकरावीपर्यंत कुणी पोहोचलंच नाही. मीही हात वर केला नाही. चार वर्षांचं काम समुद्राच्या तळाशी गेलं, त्यावर ‘अनिश्चित’ असं लिहिलं गेलं, आणि मला बढती मिळाली.” मी खुर्चीवर बसले. “तेव्हा माझा सेन्सर खरा होता, परवा ढवळ्यांचा खोटा होता. हजेरीच्या क्षणी दोघांपैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं. खरं असलं तरच बोला, असा नियम केलात तर त्या खुर्चीवरचं माणूस काय करतं, ते मी करून पाहिलं आहे.”

निगुडकरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. माझ्याशी ते प्रथमच सौजन्याशिवाय बोलले.

“रणपिसे, तेव्हा तुम्ही ‘थांबा’ म्हणाला असता तर मी थांबलो असतो.”

“बावीस वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले. परवा ढवळे ‘थांबा’ म्हणाले.” मी त्यांच्याकडे वळले. “तुम्ही थांबलात?”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. खासनीसांनी निळा खंड मिटला, उघडला आणि पुन्हा मिटला.

अंतिम अहवाल दोन महिन्यांनी आला. ढवळ्यांचा त्यात उल्लेख नव्हता. ते आपल्या चौकीवर राहिले. हजेरीचा क्रम ‘संचालकाच्या विवेकावर’ सोडला होता, कारण तो बदलायचा तर का बदलला हे लिहावे लागले असते आणि ते लिहायचे तर पाचवा खंड उघडावा लागला असता. बावीस वर्षे महत्त्वाची माहिती दडवल्याबद्दल मला मोहीम-संचालक पदावरून दूर करण्यात आले. हा निर्णय योग्य होता. माझी ‘वाचनाची आवड लक्षात घेऊन’ मला ग्रंथालय व अभिलेख विभागाची प्रमुख म्हणून नेमण्यात आले. हे कुणी उपरोधाने लिहिले की भाबडेपणाने, याचा मी शोध घेतला नाही.

नियंत्रण कक्षात नोंदवहीची एक रीत होती. चुकलेली नोंद खोडायची नाही, तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचे वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद लिहायची आणि सही करायची. अभिलेख आता माझ्या ताब्यात होते. पहिल्याच दिवशी मी पाचवा खंड काढला. ‘अनिश्चित’ या शब्दावर रेघ मारली. शेजारी लिहिले: ‘ज्ञात. टाकीचा दाब. अकराव्या चौकीने पाहिला, सांगितला नाही.’ सही केली, तारीख घातली, आणि खंड पुन्हा कपाटात उभा केला.

पुढची मोहीम अकरा महिन्यांनी झाली. जिच्यासाठी मी चार वर्षे राबले होते तीच. संचालक झाले जयंत उपळेकर. त्या दिवशी सकाळी हजेरीच्या सुमारास मी ग्रंथालयात होते. तिथे भिंतीवर एक ध्वनिक्षेपक आहे. कक्षातले बोलणे साऱ्या इमारतीत ऐकू जाते. निगुडकर अजून केंद्रप्रमुख होते. सज्जात या खेपेस आणखी मोठे पाहुणे असल्याचे माझ्या कानावर होते.

मी शिडीवर उभी होते, हातात तीन जाडजूड ग्रंथ. ते खाली ठेवायचे मला सुचले नाही.

“संचालक बोलतोय,” उपळेकरांचा आवाज आला. “आज्ञा: इंजिन प्रज्वलन. हजेरी घेतो.”

मग ते थांबले. मी थांबले होते तेवढेच, की जास्त, हे मला सांगता येणार नाही.

“इंधन-तापमान?”

ग्रंथालयात त्या वेळी आणखी दोघेजण वाचत बसले होते. त्यांच्यापैकी कुणीही मान वर केली नाही. त्यांच्या दृष्टीने काहीच झाले नव्हते.

“इंधन-तापमान,” ढवळे म्हणाले. “थांबा.”

“कारण सांगा,” उपळेकर म्हणाले, आणि मग, कारण ऐकण्याआधीच, “थांबलो आहोत.”

मी शिडीवरून उतरले, ग्रंथ जागेवर ठेवले आणि ध्वनिक्षेपक बंद केला. कक्षातले पुढचे बोलणे कक्षातल्या माणसांचे होते.

त्या दिवशी ढवळ्यांचे म्हणणे खरे ठरले की खोटे, हे मला अर्थातच ठाऊक आहे. गेली अठरा वर्षे लोक मला ते विचारतात. मी कुणालाही सांगितलेले नाही.